वसतिगृहातील हार्ड डिस्क आणि महाविद्यालयाने मागितलेले हमीपत्र

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझा वीस वर्षांचा मुलगा बेळगावात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहतो. त्याने वसतिगृहाच्या नेटवर्कला एक हार्ड डिस्क जोडली होती आणि तिच्यावर चित्रपट, स्कॅन केलेली पाठ्यपुस्तके व क्रॅक केलेले ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर ठेवले होते. डिस्कसाठी ४० मुलांनी प्रत्येकी १५० रुपये वर्गणी दिली होती. त्याच्याच लॉगिनवरून आणखी तीन मित्रही फाईल चढवत असत. आता महाविद्यालयाने नेटवर्क बंद करून आम्हा दोघांकडून बॉण्ड पेपरवर हमीपत्र मागितले आहे. ‘मी चोरीच्या प्रती विक्रीसाठी वितरित केल्या’ असे त्यात लिहिले असून २५,००० रुपये दंडही मागितला आहे. सात दिवसांत सही न केल्यास पोलिसांत फिर्याद देऊ, असे ते म्हणतात. गुंडा कायदा लागेल, असे मुले बोलत आहेत. काय करावे?

उत्तर: सर्वप्रथम दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांना वेळेची मर्यादा आहे. हमीपत्रावर आहे त्या मजकुरासह कोणीही सही करू नये, आणि घाबरून हार्ड डिस्क पुसू नये. चौकशीत पुरावा ठरू शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद ती सादर होऊ नये म्हणून नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि आज हाताशी असलेली बाजू त्यामुळे निष्कारण दुबळी होईल. डिस्क नेटवर्कपासून काढून ठेवावी. महाविद्यालयाने ती मागितल्यास दोन साक्षीदारांसमोर, सीलबंद करून आणि लेखी पोच घेऊनच द्यावी.

सही का करू नये, याचे कारण ‘विक्रीसाठी’ या एका शब्दात आहे. कर्नाटकात १९८५ चा प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा, म्हणजे खटल्याशिवाय अटकेत ठेवण्याचा, कायदा आहे, ज्याला लोक गुंडा कायदा म्हणतात. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात ‘डिजिटल गुन्हेगार’ हा वर्ग आला, म्हणजे मुलांच्या बोलण्याला आधार मुळीच नाही असे नाही. परंतु पुस्तके, संगीत, चित्रपट किंवा सॉफ्टवेअर यांच्या कॉपीराइटचा भंग जो जाणूनबुजून आणि व्यापारी हेतूने करतो, त्याच्यासाठी ती तरतूद आहे. शिवाय अशा व्यक्तीचे कृत्य सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक असल्याचेही शासनाला दाखवावे लागते. चाळीस मुलांनी वर्गणी काढून एक डिस्क विकत घेतली, हा व्यापार नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कागदावर दिसले पाहिजे. डिस्कचे बिल, वर्गणी दिलेल्यांची यादी आणि पैसे फोनवरून आले असल्यास त्या व्यवहारांच्या नोंदी आजच एकत्र करा. वर्गणीतून काही रक्कम उरली असेल, तर ती कोठे गेली हेही मुलाला नीट विचारा. मला सर्वांत जास्त काळजी त्याच उत्तराची आहे.

आता तुम्हाला न आवडणारी बाजू. ‘आम्ही पैसे कमावले नाहीत, म्हणून गुन्हा नाही’ ही समजूत चुकीची आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून भंग करणे किंवा भंगास साहाय्य करणे एवढ्यानेच गुन्हा पूर्ण होतो. त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. नफ्याचा प्रश्न येतो तो शिक्षेच्या वेळी: व्यापारात लाभासाठी भंग केलेला नसल्यास न्यायालय पुरेशी व विशेष कारणे नोंदवून या किमान मर्यादेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

डिस्कवरील सर्व वस्तूंना मात्र एकाच मापाने मोजता येत नाही. चित्रपटांबाबत बचाव फारसा नाही. खाजगी वापराची सवलत कलम ५२ मध्ये आहे, पण संपूर्ण वसतिगृहाला खुली असलेली डिस्क खाजगी म्हणता येणार नाही. सॉफ्टवेअरला तर त्या सवलतीतून शब्दशः वगळलेले आहे. त्याच्यासाठी कलम ६३-ब स्वतंत्र आहे. त्यात लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय कारावास टाळून ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर प्रकरण संपवू शकते.

पाठ्यपुस्तकांची गोष्ट निराळी आहे आणि ती आग्रहाने मांडली पाहिजे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत कलम ५२(१)(झ), म्हणजे इंग्रजी मजकुरातील ‘आय’ या खंडाखाली, भंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा उदार अर्थ लावला. तो निर्णय कर्नाटकातील न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी मार्गदर्शक म्हणून दाखवता येतो. तेथे प्रश्न अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या भागांचा होता. संबंध पुस्तके स्कॅन करून सर्वांना खुली ठेवणे ही त्याच्या पुढची पायरी आहे. म्हणून कोणत्या विषयासाठी कोणती प्रकरणे नेमलेली होती, याचा तक्ता मुलाने तयार करावा. आयुष्यभर शिक्षक असलेला पालक त्याला यात उत्तम मदत करू शकेल. मुलांनी स्वतः लिहिलेल्या नोट्स डिस्कवर असतील, तर त्यांचा कॉपीराइट त्या मुलांचाच आहे आणि त्या या तक्रारीतून बाजूला काढल्या पाहिजेत.

लॉगिनबाबत एवढेच: नोंदीतून लॉगिन कोणाचे हे दिसते, बोटे कोणाची होती हे दिसत नाही. तीन मित्रांची नावे सांगायची की नाही, हा निर्णय मुलाने वकिलाशी बोलल्यानंतर घ्यावा. पण त्यांचा दोषही स्वतःच्या सहीने अंगावर घेणे हा मैत्रीचा मार्ग नाही.

महाविद्यालयाने नेटवर्क बंद केले, यात मला वैरभाव दिसत नाही. माहिती असूनही स्वस्थ बसल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे, म्हणजे वापरकर्त्यांच्या कृत्यांची जबाबदारी न येण्याचे, संरक्षण संस्थेला गमवावे लागू शकते. शिस्तीचे नियम मोडल्याबद्दल ती कारवाईही करू शकते. दंड कोणत्या नियमाखाली आकारला, हे लेखी विचारा. मात्र कॉपीराइट महाविद्यालयाचा नाही. २५,००० रुपये भरल्याने निर्माता, प्रकाशक किंवा सॉफ्टवेअर कंपनी यांचा हक्क संपत नाही, आणि तुमच्या हाती उरेल तो केवळ एक लेखी कबुलीजबाब.

म्हणून मुदतीच्या आत मुलाच्या सहीचे वेगळे उत्तर द्या. तो सज्ञान आहे. तुमची सही आवश्यक नाही. नेटवर्कच्या नियमांचा भंग झाल्याबद्दल खेद, डिस्क काढून घेतल्याचे आणि पुन्हा जोडणार नसल्याचे आश्वासन, विक्रीच्या आरोपाचा स्पष्ट इन्कार आणि आरोपाच्या नोंदींची प्रत मिळण्याची विनंती, एवढेच त्यात असावे. कोणत्या फाईल कोणी चढवल्या, याचा तपशील त्यात नको.

पोलिसांकडून कागद आलाच, तर तो कन्नडमध्ये असण्याची शक्यता आहे. न कळणाऱ्या मजकुरावर सही करू नये. तो समजावून देण्याची मागणी करावी. तक्रारनिवारणाचे निवेदन मराठीत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. तरीही महाविद्यालयाला द्यायचे उत्तर इंग्रजीत लिहा, आणि कोणी या प्रकरणाला सीमाप्रश्नाचा रंग देऊ पाहील तर त्याला नम्रपणे थांबवा. येथे मुलाचे वर्ष वाचवायचे आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सामान्यतः आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५ सांगते. नोटीस आल्यास मुलाने ठरल्या वेळी हजर राहावे. अटकेची रास्त भीती वाटल्यास त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज बेळगावच्या सत्र न्यायालयात करता येतो, आणि तेथे तो नामंजूर झाल्यास उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ आहे. अर्जासोबत डिस्कचे बिल आणि वर्गणीची यादी जोडावी.