‘कॅल्शियम वाढले’ की ‘कॅल्शियम साचले’?

गिरगावातील एका वाचकांच्या मावशींच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘बेसल गँग्लियामध्ये (मेंदूच्या आतल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात) दोन्ही बाजूंना कॅल्सिफिकेशन’ असे लिहिले असून फाहरच्या आजाराची, म्हणजे मेंदूच्या अशा भागांत कॅल्शियम साचण्याच्या विकाराची, शंका घेतली आहे. घरचे त्याला ‘मेंदूत कॅल्शियम वाढले’ म्हणतात, तर शेजारी ‘चुना साचला’ म्हणतात. यांतले बरोबर कोणते, असे त्यांनी विचारले आहे.

‘चुना’ हा शब्द मुळातून चुकीचा नाही. तो संस्कृत ‘चूर्ण’पासून आला, आणि १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ‘कॅल्शियम’ हे नाव ठेवले तेही चुन्याला असलेल्या लॅटिन शब्दावरूनच. पानाला चुन्याचे बोट टेकवावे तसे सीटीवर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे पांढरे ठिपके दिसतात, त्यामुळे उपमाही नेमकी आहे. मात्र साचतात ते मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेटचे क्षार, म्हणून मी ‘कॅल्शियमचे क्षार साचणे’ असे लिहीन.

खरा घोटाळा ‘वाढले’ या क्रियापदात आहे. परळला एका तपासणी केंद्राबाहेरच्या बाकावर अहवाल मांडीवर घेतलेला एक मुलगा फोनवर ‘कॅल्शियम वाढलंय, आईचं दूध आणि गोळ्या बंद करा’ असे सांगताना मी ऐकले, आणि मला फार वाईट वाटले. कारण या आजाराच्या आनुवंशिक प्रकारात रक्तातील कॅल्शियम सहसा नेहमीइतकेच असते, आणि असेच क्षार रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे काम कमी पडल्याने साचले असतील, तर रक्तातील कॅल्शियम उलट कमी असते व त्या रुग्णाला बहुधा कॅल्शियमच द्यावे लागते. म्हणूनच डॉक्टर कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांच्या रक्ततपासण्या आवर्जून करून घेतात.

ठिपके दिसले म्हणजे आजार ठरला, असेही नाही. उतारवयात असे बारीक ठिपके कोणत्याही त्रासाविना आढळतात. पण चाळिशी-पन्नाशीत हालचाली मंदावणे, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलणे, जीभ जड होऊन बोलणे अडखळणे, फिट येणे, स्वभाव किंवा स्मरणशक्ती बदलणे, यांतले काही असेल आणि घरात आणखी कोणाला तसेच असेल, तर आनुवंशिक प्रकाराचा विचार होतो. २०१२ पासून त्याची अनेक जनुके सापडली आहेत.

‘फाहर’ हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ थिओडोर फाहर यांचे आडनाव असून त्यांनी १९३० मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले. जर्मनमध्ये त्यातला ‘ह’ उच्चारत नाहीत, तो फक्त ‘फा’ लांबवतो. पण मराठीत ‘फार आजार’ असे लिहिले तर अर्थच बदलेल, म्हणून ‘फाहर’ हेच लेखन ठेवावे.