ऑनलाइन टर्बिडिटी मीटर ०.९ आणि लॅब ०.४: आधी बुडबुडे बघा

फिल्टरनंतर पाण्याचा गढूळपणा (टर्बिडिटी) सतत मोजणारा तुमचा ऑनलाइन मीटर ०.९ एनटीयू (गढूळपणाचं एकक) दाखवतो, त्याच पाण्याची बाटली लॅबमध्ये ०.४, कंपनीचा माणूस दोनदा कॅलिब्रेट करून (प्रमाणित द्रावणाशी जुळवून) गेला तरी फरक तसाच. तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं.

तिसऱ्यांदा कॅलिब्रेट करू नका. सेन्सरचं पाणी बंद करून दोन-तीन मिनिटं आकडा बघा. झरझर उतरला तर बुडबुडे आहेत. बारीक कण एवढ्या वेळात तळाला बसत नाहीत. पाइपातल्या दाबाखाली विरघळलेली हवा चेंबरमध्ये दाब कमी होताच सुटते, आणि बुडबुडाही मातीच्या कणासारखाच प्रकाश विखुरतो. बाटली लॅबमध्ये पोचेपर्यंत ती हवा निघून गेलेली असते. दुपारी पाइप तापल्यावर आकडा चढत असेल तर संशय आणखी पक्का. नमुन्याची नळी पाइपाच्या कुशीतून काढा (माथ्यावरून हवा येते, तळातून गाळ), सेन्सरआधी बबल ट्रॅप (बुडबुडे वेगळे करणारं भांडं) बसवा, प्रवाह मॅन्युअलमधल्या मर्यादेत ठेवा.

आता खरा घोळ. एका तपासणी कार्यालयाने (नाव घेत नाही) हट्ट धरला होता, ‘आकडा लॅबशी जुळवून द्या’. मग मीटरमध्ये उणे ०.५ चा ऑफसेट टाकला जातो (प्रत्येक आकड्यातून ०.५ वजा) आणि कागद जुळतात. बुडबुडे गेले की हाच मीटर उणे ०.१ दाखवतो, आणि १ एनटीयूचा अलार्म प्रत्यक्षात १.५ ला वाजतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) १ ही स्वीकार्य मर्यादा आहे, म्हणजे फिल्टरमधून गाळ सुटायला लागला तरी पडद्यावर सगळं आलबेल! शिवाय लॅबच्या मीटरात टंगस्टन दिवा आणि ऑनलाइनमध्ये ८६० नॅनोमीटरचं इन्फ्रारेड असेल, तर फॉर्माझिनवर (मीटर तपासायचं प्रमाणित गढूळ द्रावण) दोन्ही जुळतील, नदीच्या पाण्यावर जुळतीलच असं नाही. साहेबांना हे लेखी द्या, तोंडी सांगून उपयोग नाही.

कॅलिब्रेशन करायचंच तर सेन्सरची काच पुसण्याआधीचा आकडा आधी वहीत लिहा. हे कोणी करत नाही, आणि मग मळामुळे किती फरक पडत होता ते कधीच कळत नाही. ४००० एनटीयूच्या फॉर्माझिनचे ५ मिली घेऊन १ लिटर केले की २० एनटीयू. पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं हवं. बाटली हलक्या हाताने उलटीपालटी करा. जोरात हलवलीत की पुन्हा बुडबुडे. द्रावण त्याच दिवशी वापरून टाका. ०.५ चं स्टँडर्ड घरी बनवू नका: गाळलेल्या पाण्याचाच गढूळपणा ०.१ असला तर २० वर तो अर्धा टक्का, ०.५ वर थेट २० टक्के. कमी आकड्यांची तपासणी विकतच्या सीलबंद स्टँडर्डवर करा. फॉर्माझिन विकतच घ्या, ते बनवायला लागणारं हायड्रॅझिन सल्फेट कर्करोगकारक मानलं जातं.

तुमचं मॉडेल माहीत नाही, म्हणून काचेला ॲसिड लावण्याआधी मॅन्युअल वाचा. आणि पावसाळ्यात मीटरमधलं ओलावा शोषणारं सिलिका जेल गुलाबी (म्हणजे ओलं) झालं का ते बघत जा. आतून काचेला दव धरलं तरी आकडा असाच चढतो.