भाजीच्या पट्टीवर नाव कोणाचं?

प्रश्न: मुलगी 23 वर्षांची आहे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झाली. दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा क्लास केला. आता म्हणते, कळमेश्वर-सावनेरकडच्या अल्पभूधारक बायकांसोबत भाजीपाल्याच्या उत्पन्नावर काम करायचंय. माझ्या आईनं डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकली म्हणून मी शिकलो. त्याच चिखलात मुलीला परत कशी पाठवू? बायकांना बियाणं वाटायचं, ट्रेनिंग द्यायचं, तर ते नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशीही होईल. ती ऐकत नाही म्हणून महिनाभर मी तिच्याशी बोलणं बंद केलंय. एमपीएससी की बँक, एवढंच सांगा.
– एक वडील, नागपूर

उत्तर: नमस्कार. परीक्षांचं आधी सांगून टाकते. कृषिसेवेसाठी एमपीएससी, बँकेसाठी आयबीपीएस या बँकभरती संस्थेची कृषी अधिकारी परीक्षा, शिवाय नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेची ग्रेड ए अधिकारी परीक्षा. कृषी पदवीधराला तिन्ही खुल्या आहेत.

पण पत्र वाचताना मी अडले ते ‘बोलणं बंद केलंय’ या वाक्यापाशी. तुमच्या मुलीनं ना शिक्षण सोडलंय, ना घर. शिकली त्याच विषयात काम मागतेय, आणि त्याची शिक्षा म्हणून बाप महिनाभर तिच्याशी बोलत नाही. अशा घरात बसून कोणती मुलगी अभ्यास करेल? क्लासची फी भरता येते, मन लावून वाचणं विकत मिळत नाही. आज रात्री जेवताना तिच्याशी बोला. परीक्षेचा विषय काढू नका.

तुमची भीती मला कळते. आईचे हाल ज्यानं पाहिलेत त्याला शेताचं नाव काढलं तरी पोटात गोळा येणारच. पण आईचे हाल भाजीनं केले का, हे एकदा शांतपणे आठवून बघा. माल तिचा होता, भाव मात्र दुसऱ्याच्या तोंडात. नागपूरच्या उन्हात पालक, सांभार (कोथिंबीर) दुपारपर्यंत मान टाकतो, म्हणून मिळेल त्या भावात टोपली रिकामी करून घरी जायचं. मुलगी नेमकं हेच बदलायला निघालीय. आजीला जे मिळालं नाही ते दुसऱ्या बायकांना मिळावं, असं तिला वाटत असेल, तर त्यात तुमचा अपमान कुठे झाला?

आता तुमचा गैरसमज. हे काम बियाणं वाटण्याचं नाही. बियाणं बाईच्या घरात असतं, आणि वांगी-ढेमसं कसं पिकवायचं हे ती आपल्याला शिकवेल. अडतं ते पुढे. भेंडी पेरल्यापासून साधारण दीड महिन्यात सुरू होते आणि मग दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. लवेनं हात खाजतात, तरी बाया पहाटेपासून वाफ्यात वाकलेल्या असतात. समजा एका तोड्याला 40 किलो निघाली आणि 20 रुपये भाव मिळाला, तर झाले 800 रुपये. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई गेली. तोडणीची मजुरी कोणी धरतच नाही, कारण तोडणाऱ्या घरच्याच. माल नागपुरात कळमन्याच्या किंवा कॉटन मार्केटच्या बाजारात नवरा नेतो, पट्टी म्हणजे विक्रीची पावती त्याच्या नावानं फाटते, पैसेही त्याच्याच खिशात येतात. सातबाराही बहुतेक त्याचाच. 2015-16 च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहितीधारकांत, म्हणजे ज्यांच्या नावावर शेती कसली जाते त्यांच्यात, बायका जेमतेम 14 टक्के होत्या. म्हणजे पीक उत्तम येऊनही बाईचं उत्पन्न शून्य राहू शकतं. हे उलटवायचं तर पट्टी वाचता यायला हवी. 2016 पासून राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे; ती पट्टीत कापली असेल तर विचारायला हवं. सगळ्या गावानं एकदम टमाटर लावून भाव पाडण्याऐवजी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं लावणी बसवायला हवी. विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून होणारा शीतकक्ष आपल्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो, विजेशिवाय. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं, त्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागतात. हे सगळं सुट्टीच्या दिवशी होईल?

म्हणून तुमचा प्रश्न मी बाजूला ठेवते. मुलीनं आत्ता परीक्षा नको, एम.एस्सी.ही नको, दोन हंगाम काम करावं. एक खरीप, एक रब्बी. उमेद या सरकारी अभियानातल्या बचतगटांचे प्रभागसंघ आहेत, माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळाची) बचतगटांसाठीची लोकसंचालित साधन केंद्रं आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. अशा कंपन्यांना हिशेब आणि बाजार दोन्ही कळणारी माणसं लागतात. मुलीलाही स्पष्ट सांगते: पदवीत रोग-किडी शिकलीस, ताळेबंद मात्र पुस्तकातच पाहिलास. तो मांडायला आधी शीक. चांगल्या हेतूनं बायकांच्या हातात पैसा पडत नाही. ग्रामीण व्यवस्थापनाचं पुढचं शिक्षण घ्यायचंच असेल तर गुजरातमधल्या आणंदची इर्मा ही संस्था आहे, पण तिकडे या दोन हंगामांनंतर जा.

सुरुवातीला पगार बँकेपेक्षा कमी असेल, हे लपवत नाही. पण बँकेच्या त्या परीक्षेला आणि नाबार्डला वयाची मर्यादा 30 आहे. ती 23 ची आहे. काम जमलं नाही तर 25 व्या वर्षी परत अभ्यासाला बसेल, आणि मुलाखतीत पुस्तकाबाहेरचं चार वाक्यं तरी बोलेल.

संस्था निवडताना सोबत जा, पण प्रश्न तिला विचारू द्या. नेमणूकपत्र मिळतं का? पगार खात्यात येतो का? संध्याकाळी उशीर झाला तर गावातून परतायची सोय काय? आणि भाजीचे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात का, नोंदवही दाखवा. ही वही दाखवायला जे टाळाटाळ करतील त्यांच्याकडे तिनं काम करू नये.