थायरॉइडची गोळी आणि दुखणारे सांधे
कार्बिमाझोल (वाढलेली थायरॉइड संप्रेरके कमी करणारी गोळी) सुरू झाल्यानंतर तुमची बोटे आणि गुडघे दुखू लागले, म्हणून घाईने रेडिओआयोडीनचा (किरणोत्सारी आयोडीनने थायरॉइड ग्रंथी निकामी करण्याच्या उपचाराचा) निर्णय घेऊ नका. हे दुखणे गोळीमुळे असू शकते, तसेच संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली आल्यामुळेही असू शकते. म्हणून आधी रक्तातील टी३, टी४ (थायरॉइडची संप्रेरके) आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) पुन्हा तपासून घ्या, कारण काहींना डोस कमी केल्यावरच आराम पडतो. सांधे सुजले किंवा अंगावर पुरळ उठले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर मात्र गोळी थांबवून तातडीने रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी करायलाच हवी, कारण या गोळीने क्वचित त्या धोकादायकरीत्या कमी होतात. याबाबतीत उद्यावर ढकलणे मला मुळीच मान्य नाही. वेदनेसाठी आपल्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, कारण मोठ्या मात्रेत ते रक्तातील मुक्त (प्रथिनांना न चिकटलेले) थायरॉइड संप्रेरक वाढवते.

ग्रेव्हज आजारात (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त संप्रेरके बनवायला लावते) गोळ्या साधारणपणे १२ ते १८ महिने चालतात आणि नंतर आजार उलटू शकतो, हे खरे. तरीही रेडिओआयोडीनपूर्वी डोळे तपासून घ्या, कारण त्याने डोळ्यांचा त्रास बळावू शकतो, धूम्रपान करणाऱ्यांत विशेषच. शस्त्रक्रियेने संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढल्यास थायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) आयुष्यभर घ्यावे लागते.