अक्कलदाढ काढली, गाल दुसऱ्या दिवशी जास्तच सुजला!

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमच्या ह्यांची खालची अक्कलदाढ परवा बेळगावात काढली, आडवी होती म्हणून हाड घासून काढली, टाके आहेत. त्या दिवशी बरं होतं, आज मात्र गाल लई सुजलाय, तोंडात दोन बोटं पण जाईनात. सासूबाई म्हणतात गरम शेक दे नि लवंगेचं तेल लाव. डॉक्टरांच्या गोळीनं दुखणं थांबेना म्हणून दिरांनी मेडिकलमधनं अजून एक पाकीट आणलंय, ती पण देऊ का? आणि तंबाखू कधीपासनं चालेल ते विचार म्हणतात हे.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, हे छापून येईपर्यंत ह्यांची सूज उतरलेली असेल, पण हाच प्रश्न घेऊन बरेच जण येतात म्हणून सविस्तर लिहितो. हाड घासलं की सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते आणि जबड्याचे स्नायू आखडल्यामुळं तोंडही उघडत नाही, तेवढ्यावरनं पू झालाय असं समजू नका. बर्फ पहिले एक-दोन दिवस, फडक्यात गुंडाळून बाहेरून १५-२० मिनिटं, मग थोडं थांबून परत. सासूबाईंचा शेक चुकीचा नाही, फक्त ४८ तासांनंतर द्यायचा. लवंगेचं तेल ताज्या जखमेत नको, आग होते.

आता गोळ्या, खरी गडबड इथंच होते. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं, झेरोडॉल-पी मध्ये असिक्लोफेनॅक आणि परत पॅरासिटामॉलच. म्हणजे नावं दोन, पण सूज उतरवणारी दोन औषधं (आयबुप्रोफेन नि असिक्लोफेनॅक) एकदम पोटात जातात आणि जठर नि किडनीवर ताण येतो, वर कुणीतरी डोलो ६५० देतं, म्हणजे परत पॅरासिटामॉलच, ते वेगळंच. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल जोडीनं घेतलेलं एकेकट्यापेक्षा चांगलं लागू पडतं, पण जेवून, ठरलेल्या वेळेला, दुखायची वाट न बघता, आणि दिवसभरात सगळ्या गोळ्यांतलं मिळून पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दिरांना मेडिकलमध्ये पाठवू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

खायला मऊ भात, ताक, गार झालेली आंबील, भाकरी आठवडाभर नकोच. एक दिवसानंतर मिठाच्या कोमट पाण्यानं गुळणी, पण जोरात चूळ टाकायची नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसलेली असते, ती खपलीसारखी टिकवायची. ती निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होत आलेलं दुखणं उलट वाढतं, कानापर्यंत ठणका, घाण वास, मग गोळ्या वाढवून उपयोग नाही, दातांच्या डॉक्टरांकडून धुवून औषध भरून घ्यावं लागतं. चौथ्या दिवसानंतर सूज वाढली, ताप आला तर दाखवाच. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर रात्र असली तरी सरळ मोठा दवाखाना गाठा.

राहिली तंबाखू. निपाणीत राहून तंबाखू सोडा म्हणणं म्हणजे, असो. निदान टाके निघेपर्यंत विडी नाही, मळलेली नाही, घरात कुणी मिश्री लावत असेल तर ती पण ह्यांच्या हाती देऊ नका. आणि टाके काढायला जाल तेव्हा तंबाखू धरतात ती गालाची बाजू आतनं तेवढी बघून घ्यायला सांगा डॉक्टरांना.