घराट कसं चालतं, आणि बंद पडलेलं पुन्हा सुरू करता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: उत्तराखंडातल्या गढवालमध्ये ट्रेकला गेल्यावर ओढ्याकाठच्या दगडी खोलीत जातं आपोआप फिरताना दिसलं, ना विजेची तार ना इंजिन. ते चालतं कसं, आणि पुढच्या गावात बंद पडलेलं होतं ते पुन्हा सुरू होऊ शकेल का? पहिला भाग नीट कळला की दुसऱ्याचं उत्तर सापडतं. थोडक्यात सांगायचं तर दुखणं बहुतेक वेळा जात्यात नसतं, पाण्याच्या पाटात असतं.

गढवाल आणि हिमाचलात पाण्यावर चालणाऱ्या या जात्याला घराट म्हणतात, कुमाऊँत घट, लडाखमध्ये रंतक. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर तत्त्व ओळखीचं वाटेल. पाण्याचं चाक जमिनीला समांतर, त्याचा आस उभा, आणि तोच आस वरच्या खोलीत जाऊन वरची तळी, म्हणजे जात्याचा वरचा दगड, फिरवतो. मध्ये दातेरी चक्र नाही, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. बिघडण्यासारखे भाग मुळातच कमी, म्हणून गावातला सुतार आणि लोहार मिळून सगळं दुरुस्त करू शकतात.

पाणी मोठ्या नदीचं घेत नाहीत, छोट्या ओढ्याचं घेतात. तिकडे त्याला गाड किंवा गधेरा म्हणतात. ओढ्यात नुसते दगड रचून बांध घालतात आणि तिथून पाट काढतात, त्याला गूल म्हणतात. बांधाला सिमेंट नसतं. पुरात दगड वाहून गेले तर चार माणसं पुन्हा रचून देतात. पक्का बांध घातला की त्यामागे गाळ साठतो किंवा ओढा बाजूने वाट काढतो, आणि मग पाटाचं तोंड कोरडं पडतं. गूल डोंगराच्या कडेने अगदी मंद उताराने नेतात, शंभर मीटरला अर्धा ते एक मीटर. उतार जास्त दिला तर पाणी माती खातं आणि उंचीही वाया जाते, कमी दिला तर वाळू बसते. घराटापर्यंत पोचताना पाणी चाकापेक्षा तीन ते सहा मीटर उंच राहिलं पाहिजे. सगळी ताकद या उंचीत आहे.

तिथून पाणी लाकडी पन्हळीत उतरतं. देवदार किंवा चीडचा (पाइनचा) अख्खा ओंडका कोरून केलेली ही पन्हळ, तिला पनाला म्हणतात. साधारण 45 अंशांवर तिरपी, वर रुंद, खाली निमुळती, म्हणजे पाणी एकवटून धारेसारखं चाकावर आदळतं. वरच्या तोंडाशी काटक्यांची जाळी लागतेच. चीडची सुईसारखी पानं, म्हणजे पिरूल, अडकली की धार फुटते आणि चाक मंदावतं. दळण नसेल तेव्हाही पन्हळ ओली ठेवलेली बरी. एक उन्हाळा कोरडी राहिली की लाकूड तडकतं, आणि मग चिंध्या कोंबूनही गळती थांबत नाही.

चाकाला गढवालीत फितौडा म्हणतात. मधल्या जाड लाकडी कण्यात साधारण 16 ते 24 पाती तिरकी ठोकलेली असतात. धार पात्याच्या बाहेरच्या बाजूला, एकाच कडेला बसली पाहिजे. पन्हळीचं टोक चार बोटं जरी सरकलं तरी आस हेलकावतो आणि खालचा टेकू झिजतो. सपाट लाकडी पात्यांवरून बरंच पाणी उडून जातं, म्हणून साधं घराट पाण्यातली जेमतेम पाव ताकद वापरतं. हिशेब करून बघा: सेकंदाला 60 लिटर पाणी 4 मीटरवरून पडलं तर सुमारे 2350 वॉट होतात, त्यातले 600 च्या आसपास तळीला मिळतात. तेवढ्यात तासाला साधारण 8 ते 15 किलो दळण होतं. वाकडी लोखंडी पाती बसवली तर त्याच पाण्यात दुप्पट काम निघतं. देहरादूनची हेस्को ही संस्था आणि तिचे संस्थापक अनिल प्रकाश जोशी (2020 चे पद्मभूषण) यांनी अशा सुधारित घराटांसाठी बरीच वर्षं काम केलं आहे.

खरी कारागिरी मात्र पाण्याखाली दडलेली असते. आसाच्या टोकाला लोखंडी अणी, ती बसते कठीण गारेच्या दगडातल्या खळग्यात, आणि तो दगड बसवलेला असतो एका जाड तुळईत. तुळईचं एक टोक पक्कं, दुसरं टोक एका उभ्या दांड्याला टांगलेलं. दांडा वरच्या खोलीत येतो आणि तिथे पाचरीवर टेकतो. पाचर आत ठोकली की तुळई उचलते, तिच्याबरोबर आस आणि आसावरची वरची तळीही उचलते. पाच-सहा मण वजनाची तळी केसभर वर-खाली करायला एक लाकडी पाचर आणि हातोडीचे दोन ठोके पुरतात. घराटवाला दर थोड्या वेळाने बाहेर पडणारं पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळून बघतो. कणी लागली तर पाचर थोडी ढिली, पीठ कोमट लागलं तर थोडी घट्ट. मका आला की फट वाढवायची. मडुआ, म्हणजे आपली नाचणी, आला की कमी करायची, कारण तो बारीक दाणा अख्खाच निसटून जातो.

दाणे तळीत घालायला माणूस लागत नाही. छताला टांगलेल्या निमुळत्या टोपलीतून धान्य खालच्या छोट्या पन्हळीत येतं. तिला बांधलेली एक काठी फिरत्या तळीवर टेकलेली असते. तळी खडबडीत, त्यामुळे काठी थरथरते, पन्हळ हलते आणि दाणे पडतात. पाणी वाढून वेग वाढला तर दाणेही जास्त पडतात, वेग कमी झाला तर कमी. या एका काठीसाठी मी त्या अनाम कारागिरांना मनापासून मानतो. धोका एकच: टोपली रिकामी झाली आणि पाणी चालूच राहिलं तर दगडावर दगड घासतो आणि पिठात दगडाची कच येते. म्हणून दळण संपायच्या आधीच फळी आडवी घालून धार बाजूला वळवतात.

तळ्यांना टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने त्यांच्या खाचा पुन्हा कोराव्या लागतात, आपल्या जात्यासारख्याच. खाचा मध्यापासून कडेकडे, आत खोल आणि कडेला उथळ. पीठ गरम यायला लागलं किंवा कोंड्यासारखं चपटं पडायला लागलं की टाकीची वेळ झाली. टाकी लावल्यानंतरचं पहिलं दळण माणसांनी खायचं नाही, त्यात दगडाची पूड असते. विजेची चक्की कित्येक पट वेगाने फिरते, म्हणून तिचं पीठ तापतं. घराटाचं थंड उतरतं. त्या पिठाची भाकरी वेगळी लागते ती यामुळेच.

आता बंद पडलेल्या घराटाबद्दल. वीज आली, विजेच्या चक्क्या आल्या, हे खरंच. पण माझ्या मते मोठा घाव गुलीवर बसला. गूल वर्षातून निदान एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, सगळ्या वापरणाऱ्यांनी मिळून साफ करायची असते. त्याच पाण्यावर भातशेती होते, त्यामुळे पाळ्या ठरलेल्या असत: लावणीच्या दिवसांत शेत आधी, घराट नंतर. घराटवाल्याची मजुरी पिठातला वाटा. तरुण माणसं डेहराडून-दिल्लीला गेली, शेतं पडीक झाली, मग गूल कोण काढणार? त्यात 1975 च्या कुमाऊँ-गढवाल पाणी कायद्याने पाण्यावरचे गावाचे रूढ हक्क संपवून ते सरकारकडे घेतले. जिथे पुढे पाणी नळात किंवा जलविद्युत प्रकल्पाकडे वळलं, तिथे घराटाला उरलंच नाही. आणि घराट पाणी पीत नाही, चाकाखालून ते जसंच्या तसं ओढ्यात किंवा खालच्या शेतात परत जातं, ही गोष्ट अशा वाटपात सहज विसरली जाते.

म्हणून बंद घराट पाहिलंत तर आत शिरू नका, आधी गुलीने ओढ्यापर्यंत चालत जा. पावसाळ्याआधी, वैशाख-ज्येष्ठात, पाणी सर्वांत कमी असताना, ओढ्यात सेकंदाला 40-50 लिटर तरी आहे का ते बघा. गूल कुठे दरडीखाली गेली असेल तर ती किती लांबीची तुटली आहे ते मोजा; पाच-दहा मीटर असेल तर पाइप टाकून जोडता येते, पन्नास-साठ मीटर असेल तर गावाची सामूहिक तयारी लागते. त्यानंतर पन्हळ, मग खालचा टेकू, आणि सर्वांत शेवटी तळ्या. दगड क्वचितच खराब झालेले असतात, टाकी लावली की चालतात. रोज दहा-बारा घरांचं दळण येणार नसेल तर नुसत्या दळणावर घराटवाल्याचं पोट भरत नाही. तिथे लोखंडी चाक बसवून दिवसा दळण, रात्री छोट्या जनित्रावर दिवे, अशी जोड द्यावी लागते. वरच्या खेड्यांत जिथे थंडीत पन्हळच गोठते तिथे दोन-तीन महिने बंद धरूनच हिशेब करावा.

काम काढायचं तर ऑक्टोबरात काढा. पूर ओसरलेला असतो, ओढ्याला पाणी भरपूर असतं, आणि नुकताच कापलेला मडुआ घरोघरी दळायला तयार असतो.