गाडी यार्डात, क्रेट गाडीत

प्रश्न : वकीलताई, मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी. मार्चमध्ये एका एजंटामार्फत 2014 ची बोलेरो पिकअप चालवून आणि मिस्त्री नेऊन बघितली आणि 3,40,000 रुपयांना घेतली. स्टँपवर लिहून घेतलं, नोटरी केली, मालकाने टीटी फॉर्मवर, म्हणजे नाव बदलाच्या अर्जावर, सह्या दिल्या. आरसीची झेरॉक्सच दाखवली. मूळ कार्ड हरवलंय, डुप्लिकेट काढून देतो म्हणाला. नंतर क्लचप्लेट, मागचे पाटे, दोन टायर आणि हाफ इंजिनच्या कामात माझे 62,000 गेले. जूनमध्ये पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) संपलं, ते नावावर झाल्यावर करू म्हणून राहिलं. मागच्या आठवड्यात पुतण्या टोमॅटोचे 70 क्रेट घेऊन नारायणगाव मार्केटला निघाला होता. वाटेत फायनान्सच्या चौघांनी गाडी अडवली, एका कागदावर त्याची सही घेतली आणि मालासकट गाडी यार्डात नेली. जुन्या मालकाने गाडीवर कर्ज काढलंय आणि 1,12,000 थकलेत म्हणे. तो फोन उचलत नाही. चोरीची तक्रार देऊ का? इंजिनचा खर्च कोण देईल? आणि 'तुझं साधं लायसन्स या गाडीला चालत नाही' असंही त्या लोकांनी पुतण्याला सुनावलं, ते खरं का? स्टँपचा फोटो सोबत आहे. त्यावर रक्कम 2,10,000 लिहिली, वरचे 1,30,000 रोख दिले.

उत्तर : नमस्कार. स्टँपचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, त्यातल्या एका ओळीवर तुमचं बरंच काही उभं आहे. पण त्याआधी आजचं काम.

यार्डात जाऊन वाद घालू नका, तिथला माणूस फक्त गेट सांभाळतो. फायनान्स कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या. अमुक तारखेला पैसे देऊन गाडी घेतली, ताबा माझ्याकडे होता, पुतण्याची सही रस्त्यात अडवून घेतलेली आहे आणि तो 'स्वखुशीने दिलेला ताबा' मला मान्य नाही, मला कळवल्याशिवाय गाडीचा लिलाव करू नये आणि कर्ज पूर्ण फेडण्याचा आकडा लेखी द्यावा, एवढं त्यात असू द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घ्या, शिवाय ईमेल आणि स्पीड पोस्टनेही पाठवा.

'तुम्ही आमचे ग्राहकच नाही' असं उत्तर येईल, आणि ते खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ताबा घेण्याआधी नोटीस आणि विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी या गोष्टी करारात असाव्या लागतात. पण ती संधी कर्जदाराला मिळते, म्हणजे जो फोन उचलत नाही त्याला. गाडी विकल्याचं तुम्हाला विक्रीनंतर कळेल. म्हणून हा अर्ज. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर 'असा कोणी खरेदीदार आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं' असं त्यांना म्हणता येणार नाही.

चोरीची तक्रार देऊ नका. हप्ते थकल्यावर करारातल्या अधिकाराने फायनान्सरने गाडी उचलली तर तो फौजदारी गुन्हा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं आहे. गुंडगिरी करून ताबा घेता येत नाही हेही त्याच न्यायालयाने वेळोवेळी बजावलंय. पण मारहाण किंवा दमदाटी झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. झाली असेल तर पुतण्याला स्वतःच्या शब्दांत वेगळी तक्रार देऊ द्या, त्यात गाडीची मालकी मिसळू नका.

कंपनीची खरी चूक टोमॅटोची आहे. बोजा गाडीवर होता, क्रेटवर नव्हता. नाशवंत माल उतरवून घ्यायला त्यांनी तासभरही दिला नाही. त्या दिवसाची बाजार समितीतली भावाची नोंद काढा, आधीच्या दोन-तीन खेपांच्या विक्रीच्या पट्ट्या जोडा, 70 क्रेटचा हिशेब करा आणि ती रक्कम कंपनीकडे लेखी मागा. रिकामे क्रेटही मागा. ही मागणी त्यांना नुसती झटकता येणार नाही, आणि तडजोडीच्या टेबलावर तुमच्या हातात असलेली हीच एक गोष्ट आहे.

आता स्टँपची ती ओळ. 'आजपासून पुढील जबाबदारी लिहून घेणार यांची' वगैरे नेहमीचा मजकूर सोडा, तो सगळ्याच कागदांवर असतो. तिसऱ्या परिच्छेदात लिहून देणार, म्हणजे विक्रेता, म्हणतो, 'सदर वाहनावर कोणत्याही बँकेचा, पतसंस्थेचा अथवा फायनान्सचा बोजा नाही.' हे लिहिताना कर्ज चालू होतं. याला नुसता व्यवहार फिसकटला म्हणत नाहीत. पैसे घेतानाच खोटं सांगणं म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4). तालुक्याच्या पोलीस ठाण्यात 'हे दिवाणी आहे' असं ऐकावं लागेल. वाद न घालता तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तक्रारीत एजंटाचंही नाव घाला. गुन्हा दाखल होतोय म्हटल्यावर बंद फोन बऱ्याचदा सुरू होतात, हा माझा अनुभव.

दिवाणी बाजूने 1930 चा माल विक्री कायदा तुमच्यासाठी आहे. विकलेल्या वस्तूचा ताबा खरेदीदाराला निर्वेध राहील आणि तिच्यावर न सांगितलेला बोजा नसेल, ही हमी कलम 14 मध्ये विक्रेत्याने न देताही गृहीत असते. तुमच्या विक्रेत्याने तर ती लिहून दिली आहे. भरपाईच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण एवढे दिवस पिकअप यार्डात ठेवली तर पावसापाण्यात तिचं काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं मत असं, की 1,12,000 तुम्हीच भरा, गाडी सोडवा आणि ते पैसे विक्रेत्याकडून वसूल करा. हे अन्यायाचं वाटेल, पण करार कायद्याचं कलम 69 नेमकं यासाठीच आहे. दुसऱ्याने द्यायचे पैसे ज्याचं त्यात हित गुंतलंय अशा माणसाने भरले, तर ते परत मागायचा हक्क त्याला मिळतो. भरताना मात्र सावध राहा. कंपनीच्या लेटरहेडवर पूर्ण आणि अंतिम रकमेचं पत्र हवं, यार्डभाडं त्यात धरलेलं हवं. पैसे बँकेतून थेट त्या कर्जखात्यात भरा, वसुलीवाल्याच्या हातात रोख अजिबात नको. आणि त्या माणसाचं त्याच कंपनीत दुसरं कर्ज आहे का, ते आधी विचारा. असलं तर पहिलं फिटूनही एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, अडवतात. एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज) देण्याचं लेखी कबूल केल्याशिवाय रुपया सोडू नका.

62,000 बद्दल मात्र तुमची निराशा करणार आहे. गाडी परत आली तर नवी क्लचप्लेट आणि पाटे तुमच्याच गाडीत आहेत, त्याचे पैसे विक्रेता का देईल? 'इंजिन आधीच गेलेलं होतं' हेही फार चालणार नाही. चालू गाडी तुम्ही चालवून आणि मिस्त्री नेऊन बघितली होती, असं तुम्हीच लिहिलंय. बघून घेतलेल्या जुन्या वस्तूच्या दर्जाची जोखीम कायदा खरेदीदारावरच टाकतो. लिलाव झाला तर हा खर्च भरपाईत मागता येईल, तोही पावत्या असतील तर. मिस्त्रीच्या वहीतल्या चिठ्ठीवर त्याची सही तरी घेऊन ठेवा.

आणखी एक अडचण तुम्ही शेवटी ओझरती लिहिलीत. स्टँपवर रक्कम 2,10,000 आहे आणि वरचे 1,30,000 रोख दिले. हे का करता हो? कागदापलीकडची रोख सिद्ध करायला साक्षीदार, बँकेतून काढल्याची नोंद, व्हॉट्सॲपवरची बोलणी, जे असेल ते आत्ताच जमवा. मोबाइल बदलू नका.

दोन गुंठे घेताना तुम्ही सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना दहा वेळा वाचला असता. गाडीचा तसाच रकाना परिवहन विभागाच्या ऑनलाइन नोंदीत असतो, नंबर टाकला की बोजा, पासिंग, विमा सगळं दिसतं. तुम्हाला दाखवलेली झेरॉक्स जुनी होती, बोजा ती काढल्यानंतर पण तुमच्या व्यवहाराआधी चढलाय.

गाडी सुटली की थेट बाजाराला नेऊ नका. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी लागतं आणि त्याशिवाय नोंदणीच वैध धरत नाहीत. पासिंगला टोचन करून न्या. विमाही अजून जुन्या नावावर आहे, तो 14 दिवसांत बदलायला हवा होता. या काळात अपघात झाला असता तर जखमीने कागदोपत्री मालकालाच धरलं असतं, सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर त्यात शंका नाही. मग त्याने 'आजपासून पुढील जबाबदारी' ही ओळ पुढे करून तुम्हाला ओढलं असतं. पासिंग, बोजा उतरवणं, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, नाव बदल ही कामं सलग लावा. नावासाठी जुन्या मालकाच्या मोबाइलवरचा ओटीपी बहुतेक लागतोच, म्हणून तडजोड झाली तर तीत ती अट घाला.

पुतण्याच्या लायसन्सचं म्हणाल तर त्यांनी थाप मारली. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, असा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा नोव्हेंबर 2024 चा निकाल आहे. तुमच्या पिकअपचं वजन त्याच्या निम्म्याइतकंही भरत नाही.